कोवलमच्या वाळूवरचा एक तास

चेन्नईला उतरले तेव्हा सकाळीच हवा अंगाला चिकटत होती. लोकलने आवडी या उपनगरात पोचले. स्टेशनवर मंजिरी उभी होती, केस पिकलेले, हसू तेच.

वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात आम्हा दोघींना हार्ड टेक्नोचं वेड होतं. शब्द जवळजवळ नाहीत, नुसता धावता, आदळता ठेका. ती डीजे म्हणून गाणी वाजवायची, मी नाचायचे. पुढे ती मूळच्या तंजावरच्या मराठी घरात सून म्हणून इकडे आली. अलीकडे एका तापात तिचा डावा कान गेला आणि वाजवणं सुटलं. आता आयटीतल्या काही मुलांनी कोवलमच्या (केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं) किनाऱ्यावर दुपारचा नाच ठरवून तिला एक तास दिला होता. तू आलीस तरच जाईन, असं ती मला फोनवर म्हणाली होती.

घरी सासूबाईंनी केळीच्या पानावर वाढलं. दह्यात कालवलेलं उडदाचं डांगर पाहून मी चकित झाले. ते आपलंच, पण इथे त्याला डांगर पच्चडी म्हणतात. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल काढत बोललेली. आम्ही कुठे निघालो ते कळल्यावर त्यांनी पातळ बदललं आणि त्याही निघाल्या.

बसमध्ये गप्पांच्या नादात आमचा थांबा मागे राहिला. मासळीबाजारातून, ओल्या जाळ्यांच्या कडेकडेने परत चालावं लागलं. एका कोळणीने मंजिरीला तमिळमध्ये विचारलं, किनाऱ्यावर कुत्तु (इथला ढोलांवरचा रांगडा नाच) आहे का? त्याहून जोरात आहे, असं मंजिरीने सांगितल्यावर ती खूश झाली.

किनाऱ्यावर लाकडी मंच होता, दोन्ही बाजूंना स्पीकरच्या भिंती, आणि समोर आमच्या निम्म्या वयाची शंभरेक मुलं. पहिली किक, म्हणजे ठेक्याचा जड ठोका, पडली आणि माझ्या बरगड्यांनी ती लगेच ओळखली.

अडचण मला ठाऊक होती. एका कानाला हेडफोन लावून येणारं गाणं ऐकायचं, दुसऱ्या कानाने चालू असलेलं, आणि दोन्हींचे ठेके जुळवायचे. मंजिरीकडे कान एकच. हल्ली यंत्र आपोआप जुळवतं, पण ते तिला नको होतं. पहिल्याच जोडणीत दोन ठेके एकमेकांच्या पायात अडकले. मुलं नाचता नाचता थांबली. मंजिरीचा चेहरा उतरला.

मी मंचाजवळ गेले. सासूबाई आधीच तिथे होत्या. मंचाच्या फळीवर त्यांनी तळहात टेकवला होता. त्यांनी सुनेला खूण केली आणि मोठ्याने म्हणाल्या, "चपला काढ की. लाकूड बोलतंय."

मंजिरीने चपला काढल्या. अनवाणी पाय फळीवर रोवले, डोळे मिटले. चालू ठेका तळव्यांत, येणारा उजव्या कानात. पुढची जोडणी झाली तेव्हा कुठे एक गाणं संपलं आणि कुठे दुसरं सुरू झालं, मलाही कळलं नाही. वाळू उडू लागली. माझे गुडघे कुरकुरत होते, तरी मी नाचले, पार घशाला कोरड पडेपर्यंत. एका मुलीने माझा हात धरून मला पुढे ओढलं.

सूर्य कलताना मंजिरी खाली उतरली. सासूबाईंनी तिच्या कपाळाचा घाम पदराने पुसला आणि मला म्हणाल्या, "अस्की जणं (सगळी माणसं) हिच्यामुळे नाचली."

मंजिरी म्हणाली, "मला वाटलं होतं, हे शेवटचं."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता घरी एक फळी करून घेते."

परतीच्या गाडीत आणि पुढेही दोन दिवस पोटऱ्या दुखत होत्या, आणि ते दुखणं मला आवडत होतं. निघताना वाटलं होतं, पुण्यातले ते दिवस थोडे हाताला लागतील. ते कुठेच दिसले नाहीत. पुण्यातली मंजिरी हेडफोन लावून, मान खाली घालून वाजवायची. कोवलमची मंजिरी अनवाणी, समुद्राकडे तोंड करून. दोघींपैकी कुणाच्या ठेक्यावर नाचशील असं कुणी विचारलं, तर मी आवडीचं तिकीट काढेन.