पाणचक्कीवाला पेशंट

ऐंशीच्या सुमारास मी कुवेतच्या एका हॉस्पिटलात नर्स होते. हाडांच्या वॉर्डात एक आयरिश इंजिनियर पाय प्लास्टरमध्ये टांगून पडला होता. भेटेल त्याला तो गावाकडच्या पडक्या पाणचक्कीचा फोटो दाखवी. निवृत्तीनंतर त्याला तिथंच राहायचं होतं.

"सिस्टर, छप्पर गेलं, चाक मोडलं, दळण आणणारेही गेले. ओढा मात्र अजून रोज कामावर येतो."

एकदा त्याची बायको भडकलीच. "सिस्टर, विचारा याला, मी हवी की चक्की?"

तो इतका वेळ विचार करत राहिला, की मीच घाबरले. शेवटी म्हणाला, "दोघी."

बाईंना हसू आवरेना. "त्या चक्कीत गाय राहतेय. आधी तिला बाहेर काढ, मग मी येते!"