नाव न सांगता लावलेला नंबर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. कोल्हारच्या शाळेत मी ग्रंथपाल होतो. असे अनुभव वाचायचे आणि अंक पुन्हा जागेवर ठेवायचा, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. तरीही हे लिहितोय...

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या बीपीचे डॉक्टर कोपरगावला, स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर. एसटीचा हेलपाटा फुकट जाऊ नये म्हणून माझी पत्नी सुमन बूथवरून फोन करून नंबर लावायची. माझं नाव ती कधीच घेत नसे. आमच्या ह्यांचा नंबर लावा, कोल्हारच्या लायब्ररीवाल्या सरांचा – एवढंच. जुन्या कंपाउंडरला ते पुरायचं.

फुप्फुसाच्या आजारात सुमन गेली. शेवटी शेवटी तिला एक वाक्यही खोकल्याविना पुरं करता येत नव्हतं. त्यानंतर वर्षभर मी दवाखान्याकडे फिरकलो नाही.

त्या दिवशी कोपरगावला गेलो तो एका लग्नाला. परतीच्या गाडीला वेळ होता, समोर पाटी दिसली आणि जिना चढलो. कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. मलाच आधी ठाऊक नव्हतं.

वर कंपाउंडरच्या जागी नवी मुलगी होती, तिच्यापुढे कॉम्प्युटर. फोन आला की नंबर आता त्यात लागायचा. मी म्हटलं, नंबर लावलेला नाही, कोल्हारहून आलोय.

"लायब्ररीवाले सर तुमीच का? तुमचा नंबर हाय की. सकाळीच बाईंनी फोन केल्ता."

कोणत्या बाई, मी विचारलं.

"सोताचं नाव सांगंनात, तुमचंबी घेईनात. म्हनलं, कॉम्प्युटर नावाशिवाय पुढं सरकत न्हाई, उखान्यात तरी घ्या. तर नुसत्या हसल्या."

मग तिने बाक दाखवला. आल्या आल्या बीपी बघू नका, जिना चढून येतात, जरा बसू द्या – असंही त्या बाईंनी बजावलं होतं म्हणे.

मी बसलो. मग एकच विचारलं.

"त्यांना खोकला येत होता का?"

"न्हाई ओ. चांगलं मोकळं बोलत हुत्या."

नाशिकला असलेल्या माझ्या लेकीला विचारलं. तिने फोन केला नव्हता; केला असता तर बाबांचं नाव बिनदिक्कत सांगितलं असतं. शेजारपाजारी कुणाला हा दवाखाना ठाऊक नव्हता. आजवर मला याचा उलगडा झालेला नाही, आणि खरं तर उलगडा नकोच आहे. मला तो आवाज हवा होता... मोकळा, हसणारा. तो ऐकला दवाखान्यातल्या त्या मुलीने.

त्यानंतर मी गोळ्या चुकवल्या नाहीत. नंबर मात्र स्वतः कधी लावला नाही. न कळवताच जायचो आणि विचारायचो, माझा नंबर लागलाय का? मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघायची. बघायची गरज नसायची, तरी नीट बघायची.

"आज न्हाई, सर," म्हणायची.