बसवंतआप्पांनी उचललेला बेल

बसवंतआप्पांनी उभ्या जन्मात शपथ घेतली नव्हती. 'देवाशप्पथ' हा शब्द लोक तंबाखू मळता मळता बोलून जातात, पण आप्पांच्या तोंडून तो कुणी ऐकला नव्हता. गिऱ्हाइकानं विचारलं, "आप्पा, या गोळीनं ताप उतरंल का?" तर आप्पा म्हणायचे, "डॉक्टरनं लिवलीय. उतरायला पायजे." उतरेल, असं कधी म्हणायचे नाहीत. गिऱ्हाईक वैतागायचं, पण दुसऱ्या दुकानात जायचं नाही.

त्यामागे कारण होतं. आप्पांच्या वडिलांनी एकदा भावाच्या सांगण्यावरून बांधाच्या भांडणात बेलभंडार उचलला होता. आमच्या भागात पोलीस झाले, पंच झाले, तरी शेवटचा शब्द याचाच. महादेवाच्या पिंडीवरचा बेल आणि चिमूटभर भंडार, म्हणजे हळद, तळहातावर घ्यायची आणि बोलायचं. खोटं बोललात तर तुमचं तुम्ही बघा. वडील बोलले, आणि पुढच्या उन्हाळ्यात कळलं की बांधाचा दगड भावानं खरोखरच सरकवलेला होता. तेव्हापासून रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन ते पूजेला बसले, की हात थरथरायचा. लहानग्या बसवंतला तो हात दिसायचा. जे डोळ्यांनी बघितलं नाही त्यासाठी बेल उचलायचा नाही, एवढं तो तिथं शिकला.

पिंगळी स्टेशनवर उतरून रिक्षानं आत गेलं की आप्पांचं गाव. नाव सांगत नाही, कारण गावात माणसं राहतात आणि माणसांना लाज असते. चौकात महादेवाचं देऊळ, त्याच्या समोर आप्पांचं मेडिकल. सून ऋतुजा औषधांचं शिक्षण घेतलेली, दुकानाचा परवाना तिच्याच नावावर. मुलगा परभणीला नोकरीला जायचा आणि दिवसभर सासरा-सून दुकान सांभाळायचे. तिला औषधं कळायची, आप्पांना माणसं. निदान आप्पांचा तसा समज होता.

दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला बाहेर पडतं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. त्या वर्षी म्हाताऱ्यांच्या हातात मुलांनी घेऊन दिलेले मोबाइलही होते, आणि मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. मागे धडधडणारं संगीत, पुढे भेदरलेल्या लेकराचा फोटो आणि एक जड आवाज. मोठमोठे श्रीमंत लोक लेकरं पळवतात, त्यांना घाबरवतात, घाबरलेल्या लेकराच्या रक्तात एक रस उतरतो, तो काढून पितात आणि मग त्यांना म्हातारपण येत नाही. रसाचं नावही दिलं होतं, ॲड्रेनोक्रोम. नाव इंग्रजी असलं की आपल्याकडे खोटंसुद्धा शिकलेलं वाटतं.

कडूबाईनं तो व्हिडिओ नातीला कुशीत घेऊन बघितला. पंकजा तिच्या मुलाची एकुलती एक पोर. मुलगा-सून गंगाखेडकडे ऊसतोडीला गेलेले. टोळीच्या ट्रॅक्टरवर चढताना सून एवढंच म्हणाली होती, "आत्याबाई, हिला जपा." म्हातारीनं जपणं म्हणजे किती जपावं! पोरीला अंगणातसुद्धा एकटं सोडेना. त्यातच पंकजाच्या नाकाचा घोळणा फुटायला लागला. परभणीच्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या, आप्पांच्या दुकानातून त्या आल्या, पोरीनं दोन दिवस घेतल्या आणि रक्त थांबलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

तिसऱ्या दिवशी कडूबाईचा भाचा मंगेश सहज म्हणून घरी आला. फळीवरचं गोळ्यांचं पाकीट त्यानं उचललं आणि मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. त्यात तोच शब्द होता. मंगेश काही वाईट मुलगा नव्हता. त्याला स्वतःला दोन वर्षांची लेक होती, आणि तो शब्द वाचून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं पाकिटाचा फोटो काढला, गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हे आपल्याच गावात विकायलेत.'

ऋतुजानं तो फोटो आप्पांना दाखवला तेव्हा ते दुकानातल्या महादेवाला उदबत्ती लावत होते.

"मामा, आज दुकान बंद ठेवू. यांना फोन करते."

"बंद केलं तर शक पक्का व्हईल," आप्पा म्हणाले. "माझ्या गावातले लोक हायत. इचारतील, आपण सांगू."

म्हणाले खरं, पण उदबत्ती तीनदा पेटवावी लागली. आप्पांना भीती वाटत होती. जिल्ह्या-जिल्ह्यांत लेकरं पळवणारे समजून लोकांनी माणसं कशी मारली, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. मारणारेही कुठल्या तरी गावातले, एकमेकांना आप्पा-काका म्हणणारेच असणार.

दुपारी लोक आले. आधी चार-पाच, मग चौक भरला. सगळ्यांत पुढे मंगेश, त्याच्या मागे पंकजाचा हात घट्ट धरून कडूबाई. पोर नुसती इकडे-तिकडे बघत होती.

"आप्पा, ह्ये काय हाय?" मंगेशनं पाकीट काउंटरवर आपटलं.

ऋतुजा पुढे झाली. तिचा आवाज कापत होता, पण तिनं नीट सांगितलं. "माणूस भ्याला की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी असतात, त्या रक्तात एक रस सोडतात. ॲड्रेनालिन. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, ते त्याच्यामुळं. आत्ता माझ्या अंगात तेच चाललंय, तुमच्याबी. त्याला हवा लागली की ते गुलाबी पडतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तसं. त्या गुलाबी पडलेल्याला ॲड्रेनोक्रोम म्हणतात. त्यानं कुणी तरणं होत नाही. पूर्वी काही डॉक्टरांना वाटायचं की त्यानं माणूस वेडा होतो, तेसुद्धा खरं ठरलं नाही. गोळीत त्याचंच बदललेलं रूप आहे, रक्त थांबायला देतात. कारखान्यात केमिकलपासून बनतं. लेकराच्या रक्ताची गरजच नाही त्याला."

 आप्पांना वाटलं, निभावलं.

मागून कुणी तरी म्हणालं, "म्हंजे भ्यालं की रक्तात उतरतं, ह्ये खरंच हाय की!"

एवढ्या सगळ्यातून लोकांनी नेमकं तेवढंच उचललं. ऋतुजा "अहो, तसं नाही" म्हणत राहिली, पण ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. गलका वाढला. तेव्हा कडूबाई काउंटरला येऊन चिकटली आणि आप्पांकडं बघून हळूच म्हणाली, "आप्पा, म्या माझ्या लेकराला दुसऱ्याच्या लेकराचं रक्त पाजलं का वो?"

 बाईच्या डोळ्यांत राग नव्हता. दोन दिवस आपल्याच हातानं पोरीला दिलेल्या गोळीची ती भीती होती.

"न्हाई, कडूबाई."

"मंग बेल उचला," लिंबाजी म्हणाला. लिंबाजी देवळाचा गुरव, त्याच्या शब्दाला वजन. "पोरीचं इंग्रजी ऱ्हाऊ द्या. आप्पा कंदी खोटं बोलले न्हाईत. आप्पांनी बेल उचलला की आमचं मिटलं."

सगळ्या चौकाला ते पटलं. खरं तर आप्पांची ही सुटकाच होती. रस्ता ओलांडायचा, पिंडीवरचा बेल घ्यायचा, एक वाक्य बोलायचं आणि घरी जाऊन जेवायचं. लोकांनी वाट करून दिली. आप्पा आणि ऋतुजा गाभाऱ्यापाशी आले. लिंबाजीनं बेलाचं पान आणि भंडार ताटलीत पुढे केला.

आणि आप्पा थांबले. जन्माची खोड, ती ऐन वेळी आडवी आली.

"ऋतुजा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पयल्यांदा ह्ये कशातून काढलं व्हतं?"

ऋतुजाला खोटं बोलता आलं असतं. तिला ते सुचलं नाही. "पहिल्यांदा जनावरांच्या ग्रंथीतून, मामा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी. आता सगळं केमिकलपासून करतात."

"तू कारखाना बघितलास?"

"नाही. पुस्तकात आहे."

आप्पांच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. आता पिंडीसमोर उभं राहून ते काय सांगणार होते? लेकराचं रक्त नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि बघणं वेगळं. वडीलही असेच कुणाच्या तरी सांगण्यावर बोलले होते. हात पुढे होईना. समोर महादेव आणि मागे गाव, आप्पांना दोघांचीही सारखीच भीती वाटत होती.

"थांबले! आप्पा थांबले!" पायरीवरून कुणी तरी ओरडलं. "मनात खोट हाय!"

पलीकडे दुकानाची काच खळ्‌कन फुटली. लोक पायऱ्या चढून वर आले. कुणी तरी ऋतुजाचा दंड धरला. "हिलाच इचारा! दुकान हिच्या नावावर हाय!" तिला ओढलं तशी तिची चप्पल पायऱ्यांवरून खाली गेली.  तिनं फक्त आप्पांकडं बघितलं.

आप्पांनी ताटलीतला बेल मुठीत घेतला.

"माझ्या दुकानात लेकराचं रक्त न्हाई!" ते किंचाळलेच. "कंदी नव्हतं! महादेवाची आन हाय!"

काय ही जादू म्हणावी! ज्या दंडाला धरलं होतं तो सोडला गेला. कुणी तरी चप्पल उचलून आणून ऋतुजाच्या पायाशी ठेवली. कडूबाईनं पंकजाला आप्पांच्या पाया पडायला लावलं आणि ती स्वतः हुंदके देऊन रडली. लिंबाजी म्हणाला, "म्या म्हणलंच व्हतं." जे ऋतुजाच्या सगळ्या शिक्षणानं झालं नाही, ते एका पानानं झालं. आप्पांना मात्र त्याचा आनंद झाला नाही. बेल अजून त्यांच्या मुठीतच होता.

मग मंगेश बोलला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, उलट आप्पांविषयी आदर होता.

"आप्पांनी बेल उचलला. म्हंजे हितं न्हाई." त्यानं सगळ्यांकडं बघितलं. "मंग कुठं हाय?"

कुणाच्या मनात आलं नाही, की मुळात ती गोष्टच नसेल. आप्पा निर्दोष ठरले होते, व्हिडिओ खोटा ठरला नव्हता. कुणी तरी म्हणालं, "यष्टीच्या थांब्यावर सकाळपासून ती केसवाली बाई बसलीय. लेकरायला फुगे द्यायलीय." आणि अख्खा चौक तिकडं वळला.

आप्पा देवळाच्या खांबाला धरून उभे होते. त्यांच्या लक्षात आलं. आपण बेल उचलला नसता तर हे लोक इथंच राहिले असते. आपल्या शपथेनं त्यांना पुढचं दार दाखवलं होतं.

"मामा, नका जाऊ," ऋतुजा म्हणाली. "पोलिसांना फोन करते."

"कर," म्हणत आप्पा पळाले. त्या वयात माणूस पळतो तसं, एका हातात धोतराचा सोगा आणि दुसऱ्या मुठीत बेल.

थांब्यावर ती बाई भिंतीला टेकून उभी होती. बायकांचे विंचरून निघालेले केस घ्यायची आणि बदल्यात लेकरांना फुगे किंवा स्टीलची वाटी द्यायची, हा तिचा धंदा. फुगे रस्त्यावर उडत होते. तिचं पोतं एकानं ओढून घेतलं होतं आणि दुसरा त्याची गाठ सोडत होता.  बाईनं बोलायला तोंड उघडलं की कुणी तरी हात उगारत होतं.

 पोतं उघडलं तर आत काय दिसणार, हे आप्पांना माहीत होतं. केस. लेकराबाळांचे, बायाबापड्यांचे, काळेभोर गुंते. एरवी कुणी त्याकडं बघितलंही नसतं. पण आता तो ढीग या लोकांसमोर ओतला गेला, तर बाईचा पुढचा श्वास शेवटचा ठरला असता.

"सोडू नका गाठ!" आप्पा मध्ये शिरले. त्यांनी मूठ उघडली. बेल चुरगळून गेला होता, हळद घामात मिसळली होती. "हिच्यासाठीबी उचलतो म्या. ही बाई साधी हाय. पोत्यात वंगाळ काय न्हाई. महादेवाची आन."

लोक थबकले. मंगेश जवळ आला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण त्याच्या घरी दोन वर्षांची लेक होती.

"आप्पा, तुमी बघितलंव का पोतं?"

आप्पा त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

"बघितलं," ते म्हणाले.

मंगेशनं त्या दोघांच्या हातून पोतं घेऊन खाली ठेवलं. कुणी पुटपुटलं, कुणी खाली बघितलं, कुणी एक फुगा उचलून बाईच्या टोपलीत टाकला. हळूहळू गर्दी पांगली. आप्पा दगडावर बसले. उजवा हात थरथरत होता, तो त्यांनी डाव्या हातानं दाबून धरला.

"बाई, आवर आन नीघ," ते म्हणाले. "पिंगळीला जा, मिळंल ती गाडी धर. ह्या बाजूला परत येऊ नगंस."

"कामून, बाबा?" तिला अजून धाप लागली होती. "तुमी तर माझ्यासाठी देवाची आन घेतली न्हवं? आता कोण मारतंय मला?"

"उद्या नवा व्हिडिओ येईल," आप्पा म्हणाले. "आन पुन्ना बेल उचलणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

बाईनं पोतं पाठीवर घेतलं आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत आप्पा बसून होते.