काटा आणि काडी

ढाणकीच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या जीपवर धर्मपाल पाईकराव एकोणीस वर्षं ड्रायव्हर होता, आणि एवढ्या वर्षांत त्यानं तिच्या डिझेलच्या काट्यावर एकदाच विश्वास ठेवला.

त्याचा सारा भरवसा पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, एका वाळक्या काडीवर. जीपची टाकी सीटखाली होती. रोज सकाळी सीट उचलायची, झाकण काढून काडी तळाला टेकवायची आणि ओल कुठवर चढली ते पाहायचं. काडीवर चाकूनं पाडलेल्या खाचा, एकेक खाच पाच लिटरची. नवे डॉक्टर हसले की तो न चिडता समजावून सांगायचा. टाकीत एक पोकळ डबी तरंगते, तिच्या दांडीवर काटा चालतो. चढावर तेल एकीकडे सरकलं, की डबी खाली बसते आणि भरली टाकी रिकामी दिसते. शिवाय टाकी वर रुंद, खाली निमुळती. वरचं अर्धं तेल दिवसभर पुरतं, खालचं अर्धं बघता बघता संपतं.

"काट्याचा दोष नाही जी," तो म्हणायचा. "त्याले दिसते तेवढं तो सांगते. टाकीचा आकार त्याले कोनं सांगितला?"

कापसाची ती वाईट वर्षं होती. अळी औषधाला दाद देईना, म्हणून लोक आणखी कडक औषध मारायचे आणि फवारता फवारता शेताच्या धुऱ्यावर कोसळायचे. जीपला उसंत नव्हती.

अशाच एका सकाळी धर्मपालच्या बायकोनं, रुखमाबाईनं, घर सारवायला काढलं. आढ्यात खोचलेली काडी तिनं खाली ठेवली आणि बाकीच्या पऱ्हाटीबरोबर तीही चुलीत घातली. घरात जळण तेच, तिचं तरी काय चुकलं? इतक्या वर्षांच्या खाचांवर उकळलेला चहा धर्मपाल प्यायला. तेवढ्यात तांड्यावरून निरोप आला, फुलसिंग राठोड फवारताना पडला, तोंडाला फेस आहे. काटा अर्ध्यावर होता. काडी नव्हती. धर्मपाल तसाच निघाला.

फुलसिंगला मागं निजवलं, त्याची बायको सुखीबाई डोकं मांडीवर घेऊन बसली. ढाणकीत डॉक्टरांनी सुई टोचली आणि एक मिनिट न दवडता उमरखेडला न्या म्हणाले. वाटेत पंप आला. धर्मपालनं काट्याकडे पाहिलं, "अर्धी टाकी हाय," म्हणाला आणि पंप मागं टाकला.

चारेक किलोमीटरवर रस्ता उखडलेला होता. जीप धडाधडा आपटत होती आणि काटा जागचा हलत नव्हता. एरवी हाच काटा खड्ड्यात थुईथुई नाचायचा. धर्मपालनं काट्याच्या काचेवर टिचकी मारली, काटा तसाच. त्यानं गाडी थांबवली.

"काहून थांबले?" सुखीबाई म्हणाली. "अर्धी टाकी हाय ना."

"काटा हालून नाही राह्यला, बाई. अटकला हाय." खरं तर 'मेला' हाच शब्द त्याच्या ओठावर आला होता. तो त्यानं गिळला.

तिनं त्याच्या पाठीवर मुठी मारल्या, नवरा जातो म्हणून शिव्या दिल्या. त्यानं त्या ऐकून घेतल्या. डिझेलची गाडी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, आणि ती काढायला अर्धा तास जातो. तेवढा वेळ फुलसिंगजवळ नव्हता. धर्मपालनं कुंपणातली गेल्या सालची पऱ्हाटी मोडली आणि टाकीत घातली. काडीला नखभर ओल लागली.

कुंपणापलीकडे नानाजी नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात पाण्याचं डिझेल इंजिन धडधडत होतं. धर्मपाल धावत गेला. म्हाताऱ्या नानाजींनी लगेच इंजिनाजवळचा डिझेलचा डबा त्याच्या हाती दिला आणि झाकण उघडायला स्वतः जीपपर्यंत आले.

फुलसिंग नवव्या दिवशी उठून बसला. अर्धा तास उशीर झाला असता तर आमच्या हाती काही नव्हतं, असं उमरखेडचे डॉक्टर म्हणाले. सुखीबाई पाया पडायला आली, तर धर्मपालनं तिला अर्ध्यातच धरलं. अशा वेळी माणूस गप्प राहून मोठेपणा घेतो. या माणसाला ते जमलं नाही.

"पंपावर पाह्यलं असतं तर वाटेत थांबा लागलं नसतं," तो म्हणाला. "चूक माही होती, बाई. तुमच्या मुठी बरोबर होत्या."

फाल्गुनात फुलसिंग स्वतः चालत ढाणकीला आला. शेत मोकळं करताना त्यानं सगळ्यात सरळ पऱ्हाटी वेगळी काढली होती, सोलून गुळगुळीत केली होती आणि चुलीत जाऊ नये म्हणून टोकाला लाल चिंधी बांधली होती. रुखमाबाईनं ती दोन्ही हातांनी घेतली.

धर्मपालनं पुन्हा मापून सगळ्या खाचा पाडल्या. पण सगळ्यात आधी, तळापासून नखभर उंचीवर, एक खाच पाडली. ही किती लिटरची, असं नवे डॉक्टर हमखास विचारायचे.

"ते फुलसिंगची हाय," तो सांगायचा, आणि सीट खाली टाकून गाडी चालू करायचा.