पात्यांचा बाक

पडेगावला दौलताबाद रस्त्याच्या कडेला त्रिंबकरावांचं जुन्या मोटारींच्या सामानाचं दुकान होतं. घराणं मेंढरं राखणारं. पण त्रिंबकराव तरुणपणीच शहरात गॅरेजला लागले आणि पुढं त्यांनी हे पत्र्याचं शेड टाकलं. इंजिन गार ठेवणारे पंखे ही त्यांची खासियत. लांबून सगळे सारखेच. पण कुणाला चार पाती, कुणाला सहा. कुणाचा बाक उथळ, कुणाचा खोल. मधली वाटी किती फुगीर, त्यावर पातं रेडिएटरच्या जाळीपासून किती लांब फिरणार ते ठरायचं.

साखरेच्या बिमारीनं त्यांची नजर गेली, तेव्हा लोकांना वाटलं, दुकान बसलं. पण ते बोटांनी पंखे ओळखू लागले. बायको सुगंधाबाई ढिगातला पंखा त्यांच्या मांडीवर ठेवायची. ते पात्यांवरून अंगठा फिरवायचे आणि गाडीचं नाव सांगायचे. गिऱ्हाईक थक्क व्हायचं. त्या कौतुकावरच त्रिंबकराव तग धरून होते.

एका उन्हाळ्यात पिशोरचे आप्पासाहेब वडिलांची मोटार घेऊन आले. पोलीस अॅक्शननंतर हैदराबादेतून आणलेली. पंख्याचं एक पातं तुटलं होतं. त्रिंबकरावांनी तुटका पंखा चाचपला, मग ढिगातले दोन.

"हाच. बसवा, आप्पासाहेब."

आप्पासाहेब हौशी; स्वतःच पाना घेऊन बसले. रोज पंखे उचलून देताना सुगंधाबाईची नजरही तयार झाली होती. तिनं पाहिलं. भोकं जुळत होती, पातीही चारच. पण या पंख्याची वाटी जास्त फुगीर होती. इंजिन सुरू होताच पाती जाळी फाडणार होती, आणि अशी जुनी जाळी आता कुठून मिळणार? दुकानात आणखी दोघं-तिघं उभे होते. त्यांच्यादेखत नवऱ्याचा शब्द खोटा कसा पाडायचा? बोल्ट आवळून झाले, तशी ती पुढं झाली.

"भाऊ, पट्टा चढवू नका. आधी हातानं फिरवून बघा."

आप्पासाहेबांनी पंखा फिरवला. खर्रकन आवाज आला. जाळी थोडी खरचटली, वाचली.

तो आवाज त्रिंबकरावांनी ऐकला. "दुसरा दे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी शेड बंद करताना त्यांनी विचारलं, "तुला आधीच दिसलं व्हतं ना?"

"व्हय."

"कवापासून चुकतोय मी?"

"दिवाळीपासून. बोटाला चटका बसला तरी तुमाला कळंना, तवाच वळखलं. मंग तुमी चुकीचा सांगितला की मी गुपचूप बरोबरचा बांधून द्यायची. आज गिऱ्हाईक सोताच बसवत व्हतं."

"मला कामून नाय बोलली?"

"बोलले असते तर तुमी उद्यापासून खाटंवर पडून राह्यला असता."

रात्री जेवताना त्रिंबकराव म्हणाले, "उद्यापासून पंखा तू सांगायचा."

सुरुवातीला गिऱ्हाइकं त्यांच्याच तोंडाकडं बघायची. "तिला इचारा. माझी बोटं मेली आता," असं पहिल्यांदा म्हणणं त्यांना जड गेलं. पुढं सवय झाली. रॉकेलच्या फडक्यानं पंख्यांचा गंज पुसायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. कधी गंज राहून जायचा. सुगंधाबाई आता झाकून घेत नव्हती. "खालच्या पात्यावर राह्यलाय," म्हणायची, आणि ते पुन्हा फडकं उचलायचे.