राखणदाराच्या जागेवरची गाडी

राहनाळची जमीन गोदामवाल्याला विकून बाबांनी एक परदेशी गाडी आणली. कंपनी शर्यतीच्या बुटक्या गाड्या बनवणारी, पण ही जीपसारखी उंच. दापोड्याच्या रस्त्यावर ट्रेलरच्या मागे ती चाळीसच्या वर कधी गेली नाही. मला त्या थाटाचं हसू यायचं, पण चालवायची हौसही मलाच होती.

जमीन बाबा आणि मोठे काका, दोघांच्या नावावर होती. काकांनी सही एका अटीवर केली. बांधावरच्या राखणदाराला, ज्या दगडाला आम्ही दर पेरणीआधी कोंबडा आणि नारळ देत असू, त्याला नीट उचलून देवळाशेजारी बसवायचं. बाबा हो म्हणाले. पण दगड उचलण्याआधीच डंपरने त्याच्यावर भराव ओतला. मग बाबांनी त्याच भरावातला एक दगड निवडून देवळाशेजारी बसवला, मी त्याला शेंदूर लावला आणि काका त्यालाच राखणदार समजून दर वर्षी मनोभावे कोंबडा-नारळाची राखण देऊ लागले. हे कळलं तर काका आम्हाला तोडतील, एवढं आम्ही दोघं जाणून होतो.

बुजवलेल्या बांधाचा घरालगतचा तुकडा विक्रीतून वगळून आमच्याकडेच राहिला होता; त्यावर बाबांनी गाडीसाठी फरशी घातली. तिथे गाडी मागे घेतली की मागे अडथळा असल्यासारखा सेन्सर टिकटिकायचा. मागे वळून बघावं तर मोकळी फरशी. मुंबईहून आलेल्या मेकॅनिकने सेन्सर बदलला. रस्त्यावर सगळं ठीक, फरशीवर पुन्हा तेच. एकदा तर मी रिव्हर्स टाकून ब्रेक दाबून बसले होते. गाडी जागची हलली नव्हती, तरी टिकटिक हळूहळू जलद होत गेली. कोणीतरी चालत जवळ येत होतं. 

काही वर्षांनी कोन गावात बाबांच्या भाच्याचं लग्न होतं. बाबांनी हट्टाने काकांना गाडीत बसवलं. मी रिव्हर्स टाकला आणि आवाज सलग सुरू झाला. काकांनी विचारलं, मागं कोन हाय? मी कोणी नाही म्हटलं, तसे ते उतरले आणि मागे जाऊन उभे राहिले. त्यांनी चप्पल काढली. पायाखालची जागा त्यांनी ओळखली होती.

बाबाही उतरले. 

"दादा, तो हितंच हाय. मी त्याला हलवलाच न्हाय."

 काका फरशीकडे बघत म्हणाले,

"मंग इतकी वर्सं मी कोनाला बोलवत होतो?"

 काका अनवाणीच फाटकाबाहेर पडले. लाजेने मला त्यांना हाक मारवली नाही.

गाडी अजून रिव्हर्समध्येच होती. काका जसजसे लांब गेले, तसतशी टिकटिक मंदावत गेली. ते वळणाआड गेले आणि ती थांबली. त्यानंतर त्या फरशीवर सेन्सर कधीच वाजला नाही, आणि काकाही आमच्या घरी कधी आले नाहीत.