तासाखाली

नवऱ्याचं पत्र येऊन पाच महिने झाले होते. तो मालवाहू आगबोटीवर खलाशी; शेवटचं पत्र बसऱ्याहून आलेलं. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची ही गोष्ट. माझं वय एकोणीस, लग्नाला दीड वर्ष, आणि त्या दीड वर्षात नवरा माझ्या वाट्याला आला तो मोजून दोन महिने.

पहिले दोन महिने विहिरीवर बायका विचारायच्या, "पत्र इला काय गो?" मग त्यांनी विचारणं सोडलं. मी दिसले की बोलणं माशांवर नाहीतर हवेवर जायचं. त्या वाईट नव्हत्या. पण पत्र नसलेल्या खलाशाच्या बायकोशी काय बोलणार? मेलं, कुणी टोमणा मारला असता तरी चाललं असतं! घरात आम्ही दोघीच, मी आणि सासू, आणि सासू म्हणजे दिवसाला दहा शब्द. शेजारच्या काकीने तर सामाईक फणसावरून दोन वर्षं आमच्या घराशी अबोला धरलेला.

माझी झोप गेली. दिवसा नाही, रात्री नाही. आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "उद्या तुका तासाखाली निजवतंय."

तास म्हणजे देवळात टांगलेली काशाची जाड थाळी, नैवेद्याच्या वेळी गुरव लाकडी मोगरीने वाजवतो ती. ज्याचं डोकं थाऱ्यावर नाही त्याला तिच्या खाली निजवायचं, हा उपचार सासूबाईंच्या वालावलच्या माहेरचा. आमच्या गावात तो कुणाला ठाऊक नव्हता. मला हसू आलं. पण पाच महिन्यांत माझ्यासाठी कुणी काही करायला निघालं होतं ते पहिल्यांदाच, म्हणून ते दाबलं.

तयारी सकाळपासून. "आज भात खाव नको. पेज पी आणि गप रव," असा हुकूम झाला. न्हाऊन केस मोकळे सोडायचे, जुनं मऊ लुगडं नेसायचं. निघताना त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वाजणारा काय्येक अंगावर नको. तासाचो आवाज पायांतून चढता. मधी दुसरो आवाज इलो की तो मोडता."

मी जोडवी काढली. मग बांगड्या. एरवी काचेची बांगडी साबण लावल्याशिवाय निघत नाही, पण हात असे वाळले होते की साती आपसूक उतरल्या. सवाष्णीने एक तरी ठेवावी, हे आईने मला शंभरदा बजावलेलं. पण अक्कल जागेवर असती तर तासाखाली कशाला निजले असते? सासूबाईंच्याही लक्षात आलं नाही. सासरे जाऊन वीस वर्षं झालेली. मोकळे हात त्यांना वेगळे दिसलेच नाहीत.

देवळात दुपारी शुकशुकाट. मी चटईवर उताणी झाले, पदर कपाळापासून गळ्यापर्यंत ओढला. सासूबाईंनी गुरवाला सांगितलं, "सावकाश मार रे. एक पुरो विरलो की मगेच दुसरो." आणि त्या पाय धुवायला विहिरीकडे गेल्या.

पहिला ठोका पडला तशी मी दचकले. दुसरा टाचांतून आत शिरला. जात्याला टेकून बसलं की दळण अंगभर घुमतं ना, तसं वाटलं. आवाज बारीक बारीक होत जाई, आणि तो आता संपला की आहे हे ऐकण्यात 'पत्र का नाही' हा प्रश्न विसरायला होई. सातवा की आठवा ठोका, आणि मला चक्क झोप लागली.

जाग आली ती हंबरड्याने; गुरव मोगरी ठेवून निघून गेला होता. काकी देवाला फुलं घेऊन आलेली. मी निपचित, तोंडावर पदर, दोन्ही हात भुंडे. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे कांकणंच नव्हती. "अगो बाय माझे! खबर कधी इली गो? माका एका शब्दान सांगूक नाय?" तिने मला उचलून उराशी धरलं, पाठीवरून हात फिरवायला लागली.

मला सगळं कळलं. एक शब्द पुरे होता, 'नाही'. मी तो बोलले नाही. तिच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि ओक्साबोक्शी रडले. पाच महिन्यांत कुणी मला हात लावला नव्हता हो! जिवंत नवऱ्याचं मरण मी घटकाभर चालवून घेतलं, आणि मला बरं वाटत होतं.

सासूबाई धावत आल्या. माझे हात बघून त्या पांढऱ्याफटक पडल्या. मग कडाडल्या, "तोंड आवर! झील जितो आसा माझो!"

काकीने मला चटका बसल्यासारखं सोडलं. "मगे हे हात असे कित्याक?" आपल्याला फसवून रडवलं, असं तिला वाटलं. फुलं तिथेच टाकून निघून गेली. अबोला पुन्हा सुरू, आता कायमचा.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बसऱ्याच्या इस्पितळात तो तापाने पडून होता. आता बरा होता, बोटीवर परत रुजू झाला होता. मी सासूबाईंना ते दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि कुळीथ पाखडायला बसल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळपर्यंत मी ओसरीवर बसून होते, आणि कुणी आलं नाही. जिवंत माणसाच्या बायकोला कोण कशाला जवळ घ्यायला येईल?